‘टेक’ या क्रियापदाचं कूळ

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. इंग्रज गेले, पण मुलगी बघायला येणाऱ्यांना आता इंग्रजी येणारी मुलगी हवी होती. फार नाही, लोणच्यात मेथी असते तेवढं. मी रावेरच्या शाळेत होते, मॅट्रिकला एक वर्ष बाकी होतं. हे स्थळ जमलं की शाळा बंद, असं घरात ठरलं होतं. मला शाळा सोडायची नव्हती. पण मला विचारावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

मुलगा जळगावला कचेरीत कारकून. तो सगळा वेळ मांडीवरच्या टोपीकडे बघत बसला. परीक्षा त्याचे मामा घेणार होते. ‘आम्हाला तसं काही नको’ असं म्हणत म्हणत मामा सायकल, मनगटी घड्याळ आणि अंगठीपर्यंत येऊन पोचले होते. माझं चालून दाखवणं झालं, सुईत दोरा ओवून झाला. मग मामांनी पोह्यांची रिकामी बशी खाली ठेवली.

“इंग्रजी शिकतेस ना? ‘टेक’ म्हणजे काय, सांग बरं.”

मायने बजावलं होतं, “इचारतीन तेवढंच सांग.” नुसतं ‘घेणे’ म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी सुपारी फुटली असती.

“कोणता अर्थ सांगू?” मी म्हटलं.

मामा कौतुकाने हसले. “येतात तितके सांग.”

पाहुण्यांचा शब्द कसा मोडायचा? आमच्या इंग्रजीच्या मास्तरांकडे शब्दांची कुळं सांगणारा जाडजूड कोश होता आणि मधल्या सुट्टीत मी तो वाचत बसायचे. घेणे, नेणे, वेळ लागणे, सोसणे, फोटो काढणे, परीक्षेला बसणे. इथवर मामांची मान डोलत होती. मग मी कूळ सांगितलं. शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. उत्तरेकडून बोटीतून लुटारू आले, त्यांनी तो सोबत आणला.

“आधी त्याचा अर्थ नुसता हात लावणे असा असावा,” मी म्हटलं. “मग पकडणे, मग घेऊन जाणे. इंग्रजांकडे घेण्यासाठी स्वतःचा शब्द होता, तो ते विसरूनच गेले.”

मुलाने प्रथमच टोपीवरून नजर काढली.

मध्यस्थाने निरोप आणला, मुलगी चांगली आहे, पण आम्हाला एवढी नको. माय माझ्याशी बोलायची थांबली. आता वडील शाळेतूनच काढतात, या भीतीने सकाळी मी दप्तर घेऊन ओट्यावर नुसती बसून राहिले. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते केळीला पाणी देऊन आले.

“त्या शबुदाचं ते सगळं खरं हाये?”

“हो, भाऊ.”

“असे अजून किती येतात तुले?”

“थोडेच येतात.”

भाऊंनी वहाणांचा चिखल पायरीवर झटकला.

“मंग शाळेत जाय. पाव्हने अजून लय येतीन.”