बरणीत न मुरलेली नळी

चूक जपूनरावांनीच केली होती, आणि ती त्यांना दिसली तेव्हा ते टेबलाच्या भलत्याच बाजूला उभे होते.

सकाळी त्यांनी पंपात बसवलेली मऊ नळी दुपारी फुगली होती. रक्त प्यायलेल्या जळवेसारखी टम्म. पंपाची चाकं तिला चेपत फिरत होती आणि दर चेपणीला ती आणखी दुधाळ होत होती. आतून वाहत होतं तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. पलीकडे तपासणीच्या मॅडम वाकून आकडे वाचत होत्या. संरक्षक चष्मा कपाळावर ढकललेला, डोळे नळीपासून वीतभर.

जपूनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

तसे ते जन्माचे भित्रे. प्रयोगशाळेत नळ्या जोडता जोडता ‘जपून, जपून’ म्हणायचे, म्हणून हे नाव पडलं. घरी बंद केलेला गॅस पुन्हा बंद करायचे, झोपलेल्या कुत्र्यालाही वळसा घालायचे. बायको म्हणे, “जिवाला घोर नसला, की तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होतं.” पण या भित्रेपणालाही शिस्त होती. नव्या नळीचा तुकडा ते आधी ॲसिडच्या बरणीत रात्रभर मुरत घालत. सकाळी चिमट्याने काढून, धुऊन, वाकवून बघत. फुगला, चिकटला, तडकला, की नळी बाद.

त्या दिवशी सकाळी जुनी नळी चिरली आणि काम अडलं. स्टोअरवाला दारात उभा राहून म्हणाला, “अहो, नळी लावायचीय, मुलगी द्यायची नाही! चौकशा कसल्या करता? ही घ्या, कशी गुळगुळीत आहे.” सगळे खिदळले. जपूनराव ओशाळले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न भिता एक काम उरकून मोकळे झाले.

आता ओरडावं, तर मॅडम दचकून मान वळवणार, ती थेट नळीकडे. बंद करायचं बटण त्यांच्या कोपराखाली. नळीवर घामासारखा एक थेंब उगवला.

जपूनराव मटकन खाली बसले, टेबलाखालून रांगत गेले आणि भिंतीतला प्लग दोन्ही हातांनी उपसला.

पंप थांबला. “अहो, हे काय?” म्हणत मॅडम मागे सरल्या, आणि नळी फुटली. जिथे क्षणापूर्वी त्यांचा चेहरा होता, त्याच्या बरोबर खाली ठेवलेल्या टिपकागदाला काळं भोक पडत गेलं.

मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. “जपूनराव, तुम्ही नसता तर आज माझे डोळे…”

“ती नळी…” जपूनराव टेबलाखालूनच म्हणाले. आणि हातातल्या प्लगची वायर गुंडाळू लागले.

“उद्या चहा माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.”

आता पंपात ॲसिडला दाद न देणाऱ्या फ्लोरिनवाल्या रबराची काळी, ताठ नळी आहे, बरणीत मुरवून पारखलेली. बरणीला आता कुणी हसत नाही. पण मॅडम दारात दिसल्या, की जपूनराव टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागतात.

“अहो, आपला चहा राहिलाय!”

“हो, हो. बघू नंतर,” खालून आवाज येतो.