लेकाचा रेडिएटर आणि आमचा बहरीनचा गीझर

मंडळी, आज लंडनमध्ये लेकाच्या घरी खोली गरम करणाऱ्या रेडिएटरचा गळका व्हॉल्व्ह बदलला. कोणी? मी, सत्तरीच्या बाईने!

पाना हातात घेतला तर लेक म्हणतो, "आई, आर यू शुअर?"

अरे, एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास बहरीनला उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला चटके देणारं पाणी यायचं. म्हणून आम्ही घरातला गीझर बंद ठेवून त्यातच पाणी निववायचो. एकदा त्याचाच व्हॉल्व्ह गळायला लागला. हे शिफ्टला गेलेले. प्लंबर म्हणाला, "इंशाल्ला, उद्या." म्हटलं, खलास! टाकीचं पाणी बंद केलं, दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणला आणि स्वतः बसवला.

संध्याकाळी त्या निवलेल्या पाण्याने तान्ह्या लेकाला अंघोळ घातली.

तोच आज मला विचारतोय, शुअर का म्हणून! काय उत्तर देऊ, सांगा.