अखजीचा आवा

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. कुंभाराच्या घरात फुटकी गाडगी कोपऱ्यात आपोआप साचतात, तसेच तेही साचतात. ऑफिसात डबा खाताना एखादा निघाला की मित्र म्हणतात, "आणखी एक होऊन जाऊ दे!" मी सांगतो, ते हसतात. मीही हसतो. घरी गेल्यावर मात्र यातले बरेचसे किस्से मला हसू देत नाहीत.

नागपुरातली आमची कुंभारांची गल्ली. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघरी पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. म्हणून त्याआधी सगळ्या गल्लीचा मिळून एकच मोठा आवा लागायचा. गोवऱ्या, लाकडं आणि पेंढा यांत कच्ची भांडी रचायची, वरून राखमातीनं लिंपायचं आणि पेटवायचं, ही आमची भट्टी. त्या दिवशी डफ वाजे, बाया गाणी म्हणत, गूळ-फुटाणे वाटत. सणच तो! आणि एक रीत होती. गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक पुरुषानं स्वतःच्या हातची एक घागर त्यात ठेवायचीच.

माझे बाबा या आव्याचे मुखिया. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, मॅट्रिक होऊन सेक्रेटरिएटमध्ये क्लार्क झालेला. बाबांचं मागणं एवढंच, "नोकरी कर गा नामदेवा, तिले माही ना नाही. पण एक डाव तुया हातची घागर ठेव. मले पाहू दे."

"पुढच्या वर्षी नक्की!" असं मी दरवर्षी म्हणालो.

* * *

एकदा एक गोरा साहेब आवा बघायला आला. दुभाषी अर्थातच मी. साहेबानं विचारलं, आत उष्णता किती डिग्री असते? मी बाबांना विचारलं.

"सायबाले म्हण, हात घालून पाहा!"

मी इंग्रजीत सांगितलं, "फार गरम असतं, सर." साहेबानं मान डोलावली आणि मलाच विचारलं, "तुम्हीही भांडी करता का?"

"नो सर! सेक्रेटरिएटमध्ये असतो, सर!" मी इतक्या घाईनं म्हणालो की साहेबच दचकला.

"काय म्हणते सायब?" बाबांनी विचारलं.

"ऊन फार आहे म्हणतो."

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या डोक्यावर टाकला. "मंग तू सावलीत जाय. सायबापेक्षा तुलेच जास्त लागून राहिलं!"

* * *

सखूकाकू आमची शेजारीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, म्हणून तिनं एका वर्षी हातानंच थापून एक चूल केली आणि आव्यापाशी घेऊन आली. म्हाताऱ्या मंडळींत कुरकुर सुरू झाली. बाईच्या हातचं आव्यात कसं चालेल?

बाबा म्हणाले, "आव्याले माती समजते, हात कोणाचा थे नाही समजत! ठेव वं सखू."

काकूनं चूल ठेवली, हात झटकले आणि माझ्याकडे वळली. "काहून गा नामदेवा, तुया घरी चाक आहे, माती आहे, दोन हात आहेत. बसायले काय होऊन राहिलं?"

गल्ली हसली. मी ऑफिसला उशीर होतो म्हणून लगबगीनं निघालो. गल्लीच्या टोकाला आल्यावर आठवलं, त्या दिवशी रविवार होता!

* * *

आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर मोठे हौशी. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की जपानात भांडी लालभडक असतानाच चिमट्यानं ओढून काढतात, भुशात टाकतात आणि त्यांवर काय रंग चढतो म्हणता! आमच्याकडे तर पेटलेल्या आव्याला दोन दिवस कोणी बोट लावत नसे.

"नामदेव, एकच बाजू उघडू. कुणाला कळणारही नाही!"

शिकलेला असण्याचा मला भारी तोरा. बाबा जेवायला गेले होते. मी फावडं घेतलं आणि लिंपण फोडलं. आत वारा शिरला मात्र, फट्! फट्! फट्! त्या बाजूच्या एकूण एक घागरी तडकल्या. आणि त्या बाजूला होत्या आमच्याच घरच्या.

मास्तरांच्या चिमट्यात एक वाटी तेवढी वाचली होती, काळी-तांबूस, खरंच सुंदर. आवाज ऐकून बाबा धावत आले, तर मास्तर आपले आनंदात! "बघा, बघा! जपानात यातून चहा पितात!"

"किती?"

"एकेक वाटी."

बाबांनी खापऱ्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "मंग त्याइचं भागत असन. आपल्या इथं वैशाख आहे, मास्तर!"

ऑफिसात हा किस्सा मी इथंच थांबवतो. पुढं असं झालं की गल्ली जमली आणि कोणीतरी ओरडलं, "आवा कोणं फोडला?"

"म्या," बाबा म्हणाले.

मुखियानंच आवा फोडला म्हणून त्यांचं मुखियापण गेलं. फावडं माझ्या हातात होतं. मी एक अक्षर बोललो नाही, आणि ते मला आजही खातं.

* * *

त्यानंतरच्या वर्षी मी सांगून टाकलं की साहेब रजा देत नाहीत. मी रजा मागितलीच नव्हती.

दोन दिवसांनी शिपाई आत आला. "बाहेर तुमचे वडील उभे आहेत." बाहेर बाबा, ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलेलं. एवढ्या उन्हात चालत आले होते.

"तुले यायले जमत नाही, म्हून मातीच घेऊन आलो. तिले हात लावून दे. घागर नाही तं नाही, पणती कर. मी बसतो इथं."

"बाबा, इथं नका ना आणू असलं काही," मी हळूच म्हणालो. "संध्याकाळी करतो." गोळा टेबलावर ठेवला. ते गेले. संध्याकाळपर्यंत पंख्याखाली तो वाळून दगड झाला. हेडक्लार्कनं उचलून पाहिला आणि म्हणाला, "वा! पेपरवेट झकास आहे!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

* * *

त्याच्या पुढच्या माघात बाबा गेले. वैशाखात अखजी आली. त्यांच्या नावानं घागर भरायची ही पहिलीच वेळ. मी आठ दिवसांची रजा मागितली, तर साहेबांनी न विचारता सही केली!

चाकावर बसलो. एकामागून एक घागरी कोसळल्या. शेवटी एक उभी राहिली, तीही तिरपी. बूड थापताना कुठं जाड झालं, कुठं पातळ. आव्यात ठेवली आणि उघडल्यावर ती साबूत निघाली, तेव्हा मी तिथंच नाचायचा बाकी होतो.

सखूकाकू म्हणाली, "इची तं मान वाकडी गा! भरायले दुसरी घे, हे दाखवायले ठेव."

माय म्हणाली, "नाही. हेच भरायची."

अखजीला पाटावर गव्हाची रास घातली, तिच्यावर घागर ठेवली, काठोकाठ पाणी भरलं. नैवेद्य दाखवला, डोकं टेकवलं. वर पाहतो तर पाणी चार बोटं खाली गेलेलं! खालचे गहू भिजले होते आणि पाण्याचा एक ओघळ पाटावरून उतरून दाराकडं निघाला होता. चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी घागर आणायला आणि फडकं घ्यायला उठलो, तर मायनं मनगट धरलं.

"बस. पुसू नको."

"अवं माय, घागर गळून राहिली ना!"

माय घागरीकडेच बघत होती.

"गळत नाही गा," ती म्हणाली. "थे पिऊन राहिले."