जमिनीवरची लाट

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो. नौदलासाठी समुद्राचा अंदाज बांधणारी कॉम्प्युटर मॉडेल्स चालवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. उद्या कुठे किती उंच लाट असेल, ते बोटींना आधी सांगायचं. त्या गणितात भुतांना जागा नव्हती.

निवृत्तीनंतर आंजीला, समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या आमच्या गावी राहतो. विरंगुळा म्हणून घरी एक छोटं मॉडेल चालवतो. नकाशावर चौकोन असतात... समुद्राचे निळे, जमिनीचे करडे. करड्या चौकोनात मॉडेल गणितच करत नाही. तिथे आकडा येऊच शकत नाही.

दिवाळीनंतर कोकण किनाऱ्याला लागून असलेला एक करडा चौकोन निळा झाला. लाट ४.२ मीटर. दुसऱ्या दिवशी त्याच्या पूर्वेचा, मग पुढचा... आकडा तोच. सगळं पुसून नव्याने बसवलं. त्याच फायली कोचीच्या जुन्या सहकाऱ्याला पाठवल्या. त्याच्याकडे जमीन करडीच.

तो आकडा माझ्या ओळखीचा होता. चुलतभावाचा मुलगा दिलीप — नौदलात त्याला मीच जायला लावलं — त्याने शेवटच्या दिवशी बोटीवरून तोच कळवला होता. मॉडेल मात्र समुद्र शांत आहे म्हणत होतं. न जुळणारी नोंद वगळण्याआधी बोटीला एकदा विचारायचं असतं. मी विचारलं नाही, वगळून टाकली. बोट माघारी बोलावली गेली नाही, बुडाली. चौकशीत मी सांगितलं, नोंद आलीच नव्हती. गावात अजून म्हणतात, पोरगं बेफिकीर होतं.

निळी रेघ आमच्या जवळच्या पुलगावपर्यंत आली त्या दुपारी दिलीपची आई, प्रभावहिनी, स्टीलच्या गंजात ताक घेऊन आल्या.

"काय पाहून राह्यले भाऊजी? तुमचा समुद्र सुटत नाई वाटते."

मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे त्यानं कळवलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्याच्या तेरवीले पंगत तुम्हीच वाढली, भाऊजी."

त्यांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "उद्या कुठं येईन हे?"

"आंजीला."

त्यांनी ताकाचा गंज परत उचलला. "मंग पोरगं येईन, दार लावत नाई मी आता."

आंजीचा चौकोन निळा होऊन आठवडा झाला. रेघ पुढे सरकत नाही. असं का, ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच लिहून ठेवतो, दिलीपने कळवलं होतं.

वहिनींचं घर आणि माझं घर एकाच चौकोनात येतं. त्यांचं दार उघडं असतं. मी कडी लावून बसतो.