बांबूची आवणी

लंकाबाई बाजारातून परतली तेव्हा बांबूच्या रोपांचा वाफा अर्धा रिकामा होता.

सुरगाण्याच्या अलीकडच्या या डोंगरपाड्यावर बांबूची सगळी बेटं यंदा एकदम फुलली आणि बी टाकून वाळली. बांबू जन्मात एकदाच फुलतो. पुढचा फुलोरा पाहायला तीस-चाळीस वर्षं थांबावं लागतं. पडलेलं बी बरंचसं उंदरांनी नेलं, राहिलेलं लोकांनी तांदळासारखं शिजवून खाल्लं. सूपभर बी पाखडून पेरलं ते एकट्या लंकाबाईनं. बांबूची डालगी, कणग्या, टोपल्या विणून-विकून ती भातकापणीनंतरही गावात टिकून होती. बाकीचा पाडा तेव्हा निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाई. नवी नवरी असताना तिनंही ते केलं होतं: मुकादमाची जीप, बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची झोपडी. वाळलेले बांबू वर्ष-दोन वर्षं पुरतील, मग शेजारच्या गावांतून डोक्यावर आणू, असा तिचा हिशेब होता. पण पुढे नवं बेट उभं राहणार असेल तरच त्याला अर्थ होता.

तिची मोठी जाऊ चिमणाबाई ओहोळाच्या काठाला पाय धूत बसली होती. भाताची आवणी, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावायचं काम, सकाळीच आटोपलं होतं. दोन बायका हाताशी होत्या, म्हणून तिनं आपणहून बांबूलाही हात घातला होता. रोपं मुठीनं उपटली, पायावर आपटून मुळांची माती झाडली, धुतली, पेंढ्या बांधून पाण्यात उभी केली. भाताचं रोप असंच काढतात. पाड्यात तिच्याएवढा झपाट्याचा हात कुणाचा नव्हता आणि लंकाबाईला आवणी शिकवली होती तीही तिनंच.

लंकाबाईनं एक पेंढी सोडली. मुळांना चिकटून राहणारं, कोवळ्या रोपाला पोसणारं बी कुठल्याच रोपाला उरलं नव्हतं. महिन्यापूर्वी तिनं चार रोपं अशीच उपटून लावली होती. संध्याकाळी त्यांची पानं सुईसारखी वळली होती.

"बाई, यांची माती काढायची नव्हती."

"मातीसकट रोप कोन लावतं गं? तुझ्या माहेरी शेत बी संगं उचलीत व्हते काय?"

बायका हसल्या. लंकाबाई हसली नाही, पण थोरल्या जावेला याहून जास्त बोलायची रीत नव्हती. दुपारी पाऊस उघडला आणि ऊन पडलं. तिचा नवरा देवराम सादड्याच्या झाडाच्या फांद्या तोडायला धावला. लंकाबाई पिशव्यांत माती भरत गेली, एकेक रोप बसवत गेली, वर सावली धरत गेली. चिमणाबाई पाणी आणून देत होती आणि एवढी घाई कशाला, म्हणून टोमणेही मारत होती.

दुसऱ्या दिवशी पानं वळली. भातही आधी माना टाकतं, मग उठतं, असं चिमणाबाई म्हणाली. आठवड्याअखेर एक रोप तिनं दोन बोटांनी हलवलं, तर ते सहज हातात आलं. मूळ काळं पडलं होतं. ते तिथंच ठेवून ती घरी गेली आणि दोन दिवस फिरकली नाही.

वाफ्यातली उरलेली रोपं मात्र दाटली होती. मुळं एकमेकांत शिरत होती. आणखी थांबलं तर ती तोडल्याशिवाय सुटली नसती. देवराम म्हणाला, आपण दोघं करू, तिला नको बोलवायला. लंकाबाईनं वाफ्याकडे पाहिलं. आभाळ पुन्हा भरून आलं होतं, पण दोघांच्या हातांनी ते काम ऊन पडायच्या आत होणारं नव्हतं.

ती जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, चला. खुरपं घ्या."

"मी नाय येत. माझ्या हाताला भाताची खोड हाय."

"मग हात हळू चालवा. दुसरा हात मी कुठून आणू?"

चिमणाबाई आली. पहिलं रोप काढताना तिनं खुरपं इतकं लांबून घातलं की अर्धी पाटी माती निघाली. लंकाबाईनं तिचं मनगट धरून जवळ आणलं. नंतरचा गोळा मुठीएवढा आला आणि त्यात बी अजून मुळाशी होतं. चिमणाबाईनं तो तळहातावर घेतला आणि पिशवीपर्यंत नेताना सवयीनं पायाकडे झुकलेला हात मध्येच थांबवला.

संध्याकाळपर्यंत वाफा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. दुपारी दोघी फांद्यांखाली वाकून ओळीमागून ओळ पाहत गेल्या. पानं सपाट होती.

"आता पाणी कोन घालील?" चिमणाबाईनं विचारलं. "मी तर बसलेलीच हाय घरी."

लंकाबाईनं हंडा तिच्याकडे सरकवला.