टमाटरची नाडी

माझ्या नवऱ्याला ‘काही नाही’ म्हणायची वाईट खोड आहे. छातीत दुखत होतं तेव्हाही ‘काही नाही, पित्त हाय’ म्हणाले, चिमूटभर ओवा चावला आणि गाडीला किक मारून कळमेश्वरला कामावर निघून गेले. त्याच दुपारी कारखान्यातल्या लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. हृदयाची एक नळी बंद निघाली, तिथे स्टेंट बसला, आणि चार-पाच दिवसांनी माणूस घरी आला. उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या काय म्हणावं? ‘पाह्य, म्हटलं होतं ना तुले, काही नाही.’

तेव्हापासून त्यांच्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. मला आता आकडा पाहिजे होता.

आकड्याची सोय मुलीमुळे झाली. ती पुण्याला असते. तिनं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याशेजारी एक इवलीशी काच होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत लाल दिवा लुकलुकायचा आणि जरा वेळानं नाडीचे ठोके आकड्यात दिसायचे. मी तर म्हटलं, देवच पावला. सकाळी चहाच्या आधी, कामावर निघताना, घरी आल्यावर, जेवण झाल्यावर माझं एकच पालुपद, ‘बोट द्या.’ ते बोट द्यायचे. आधी हौसेनं दिलं, मग मुकाट्यानं, मग तोंड वाकडं करून.

डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली तेव्हा मी दिली नव्हती. आम्ही नागपूरच्या कडेला, वाडीला राहतो. घराबाहेर पडलं की गोदामं आणि ट्रकच ट्रक, त्यातून हा माणूस दुचाकीवर कळमेश्वरपर्यंत जाणार, तेही नळी दुरुस्त केलेलं काळीज घेऊन! शेवटी तह झाला. सकाळी आकडा ऐंशीच्या खाली असला तर जायचं, नाहीतर सुट्टी. ते म्हणाले, ‘साहेबाले काय सांगू? बायकोच्या मोबाइलनं रजा मंजूर केली म्हणून?’ मी म्हटलं, ‘सांगा. लाज काहून वाटून राहिली?’

मग एक दिवस फोननं आपल्या मनानंच काहीतरी अपडेट केलं आणि फोनच्या कंपनीच्या अ‍ॅपमधून नाडीचा रकानाच नाहीसा झाला. मी मुलीला फोन लावला.

‘आई, त्यांनी ते बंद केलं. नव्या फोनमध्ये तो सेन्सरच देत नाहीत, म्हणून त्यांच्या अ‍ॅपमधूनही काढून टाकलं.’

‘अगं पण काच तर आहे ना इथे! मला दिसते आहे ना डोळ्यांनी!’

‘काच आहे, पण तिला विचारणारं कोणी नाही. कंपनीच्या बाहेरचं कुणाचं अ‍ॅप मिळतं का बघ. एखाद्यात असतो अजून त्या सेन्सरचा सपोर्ट.’

म्हणजे लेक माहेरी आली, पण तिच्याशी बोलायचं कुणी नाही, तसली गत. मी हट्टाला पेटले. एका अ‍ॅपनं माझ्या सगळ्या ओळखीच्यांचे नंबर मागितले, कशाला ते त्यालाच ठाऊक. एकानं नाडी मोजायच्या आधी रमी खेळायचं आमंत्रण दिलं. एकाला तर वाटत होतं की मी बावीस वर्षांची असून मला वजन कमी करायचं आहे. असं करत करत एक सापडलं, काचेवर बोट ठेवताच त्यानं तो लाल दिवा लावला. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीलाही दाखवून आले.

काही महिन्यांनी ते अ‍ॅपही सुधारलं. आता लाल दिव्याऐवजी कॅमेऱ्याशेजारचा पांढरा टॉर्च लागायचा आणि आकडा पहिल्यापेक्षा झटपट यायचा. मी म्हटलं, चला, प्रगती आहे. आकडाही मोठा गुणी. बहात्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर. कधी तक्रारीला जागा नाही. माणूस रोज कामावर जायला लागला.

आकडा चांगला होता, पण माझ्या जिवाला चैन नव्हती. ते गेले की मी घरभर फिरायची. गॅसचं बटण बंद आहे ते पुन्हा बघायची, फ्रिज उघडून कशासाठी उघडला ते विसरायची, वाचायला घेतलेल्या पेपरची एकच ओळ परत परत वाचायची. मग फोन करायची. पोचले का, जेवले का, दम लागला का. तिकडून ते ओरडायचे, ‘अवं, मले काम करू देशील का नाही? आत्ताच तं बोलून राहिलो होतो तुझ्याशी!’ त्यांच्या मागे कुणीतरी हसल्याचंही ऐकू यायचं. हसू दे. मी संध्याकाळी गेटपाशी उभी असायची आणि वळणावर त्यांची गाडी दिसली की आत येऊन काही झालंच नाही अशा थाटात कणीक मळायला बसायची.

माझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. माझ्या लहानपणी घरात दोन माग होते आणि दिवसभर खटखट चालायची. त्या आवाजात आम्ही अभ्यास केला, भांडलो, झोपा काढल्या. आवाज चालू असला की कुणाचं लक्ष नसायचं, आणि थांबला की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची, ‘काय झालं गा?’ बहुतेक वेळा धागा तुटलेला असायचा. पण ती यायचीच. माग पुढे विकले गेले, भाऊ नोकऱ्यांना लागले, तरी मला वाटतं ती सवय माझ्यात राहिली. कुठेतरी काहीतरी खटखटत असलं पाहिजे आणि मला ते ऐकू आलं पाहिजे.

त्या हिवाळ्यात आमची आणखी एक लढाई चालू होती, ती पंख्याची. थंडीत अख्खं नागपूर स्वेटरात, आणि मला पंखा लागायचा. ते रजईतून नाक बाहेर काढून म्हणायचे, ‘बाप्पा! मले हार्टनं नाही, तू थंडीनं मारशील.’ बांगड्या मनगटावरून घसरायला लागल्या होत्या. लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, ‘काय वं, कशी बारीक झाली! काय खाते?’ मी खूश व्हायची. सगळेच खूश होते.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात चटणीसाठी टमाटर भाजायला घेतले होते. त्या दिवशी मी त्यांचं बोट बहुधा जरा जास्तच वेळा मागितलं असेल. ते फोन घेऊन आत आले, ओट्यावरचा एक लालभडक टमाटर उचलला आणि फोनच्या पाठीला टेकवून उभे राहिले.

‘काय करून राहिले तुम्ही?’

‘चूप. हलू नको. पेशंट घाबरते.’

जरा वेळानं त्यांनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. चौऱ्याहत्तर. खाली हिरवं हृदय धडधडत होतं आणि लिहिलं होतं, ‘उत्तम’.

‘घे,’ ते म्हणाले, ‘ह्याची तब्येत माह्यासारखीच हाय. याले चटणीत टाकू नको, कळमेश्वरले पाठव कामावर.’

ते हसत सुटले, ओट्याला धरून हसले. मी नाही हसले. मी पुन्हा लावून पाहिला टमाटर, शहात्तर आले. मग वांगं लावलं, त्याला काही आलं नाही. म्हणजे अ‍ॅपला एवढं तरी कळत होतं.

मुलीला फोन लावला. तिनं तिकडे त्या अ‍ॅपची माहिती उघडून वाचली. ‘आई, यात लिहिलं आहे की त्यांनी तुझ्या फोनच्या सेन्सरचा सपोर्ट काढून टाकला. आता कॅमेऱ्यातून लाल रंग बघून ते अंदाज लावतात.’ मग तिनं पान आणखी खाली सरकवलं. ‘आणि खाली लिहिलंय, केवळ मनोरंजनासाठी.’

मनोरंजन! माझ्या नवऱ्याचं काळीज, आणि यांचं मनोरंजन! मला त्या अ‍ॅपवाल्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला विचारावंसं वाटलं की हेच शिकवलं का हो पोराला. रागाखाली मात्र भीती होती, आणि ती रागापेक्षा मोठी होती. इतके महिने मी रोज सकाळी या माणसाला कशाच्या भरवशावर घराबाहेर काढत होते? त्याचं खरं काय चाललं होतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘उद्याच डॉक्टरकडे. कामावर जायचं नाव काढायचं नाही.’

‘काही नाही झालं मले.’

‘टमाटरलाही काही नाही झालं!’

दुसऱ्या दिवशी धंतोलीला त्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ईसीजी काढला, छाती तपासली. डॉक्टर म्हणाले, ‘काका एकदम ठणठणीत. काळजीचं काही कारण नाही.’ मी देवाला हात जोडले. आमचे हे टमाटरची गोष्ट रंगवून सांगत होते, डॉक्टर हसत होते. सांगता सांगता हे म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, एक काम करा. हिचंही मोजा एकदा. घरात सगळ्यांची नाडी पाहून राहिली, भाज्यांची पण पाहिली. हिची कोणी पाहिलीच नाही.’

मी म्हटलं, माझं काय मोजायचं? पण डॉक्टरांनी नाडी मोजायचा चिमटा माझ्या बोटाला लावला. मग हसणं थांबवून काढला आणि दुसऱ्या बोटाला लावला. मग स्वतःच्या बोटांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत बसले. नाडी एकशे अठ्ठावीस होती. तीही नीट चालत नव्हती, मध्येच अडखळत होती. त्यांनी मला हात पुढे करायला सांगितले. माझी बोटं थरथरत होती, आणि खरं सांगते, ते मला तोवर माहीत नव्हतं.

‘हे असं कधीपासून आहे?’

‘असं म्हणजे तं हिचा स्वभावच हाय, डॉक्टरसाहेब,’ हे हसत म्हणाले. ‘हिले मुळी चैनच पडत ना...’ आणि मध्येच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. स्टेंट बसला त्या दिवशीही तो चेहरा इतका घाबरलेला नव्हता.

रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी अंगात नको तितकी आग पेटवत होती. घाम, पंखा, घसरणाऱ्या बांगड्या, सगळं त्यातलंच निघालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आमच्या घरात बाई आधी सगळ्यांचं ताट वाढते, मग स्वतःचं. नाडीचंही मी तसंच केलं होतं, आणि माझ्यापर्यंत पाळी आलीच नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या. महिना-दीड महिन्यात अंगातली धावपळ थांबत गेली. पंखा बंद झाला. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून व्हायला लागला. ते अ‍ॅप काढून टाकलं. मला बरं वाटायला लागलं, आणि त्याच बरं वाटण्यानं मी घाबरायलाही लागले. रात्रंदिवस यांच्या नावानं जो जीव तुटत होता, त्यातला माझा किती आणि त्या ग्रंथीचा किती? हे कुणाला विचारायचं? डॉक्टरला विचारलं असतं तर तो हसला असता.

मग परवाची गोष्ट. संध्याकाळी रस्त्यात एक ट्रक उलटला आणि कळमेश्वरकडून येणारी सगळी वाहनं अडकली. यांना यायला चांगलाच उशीर झाला. मला काहीच माहीत नव्हतं. दुपारी पेपर वाचता वाचता सोफ्यावरच डोळा लागला होता. गेटची कडी वाजली तेव्हा जाग आली. घरात अंधार पडलेला, दिवाही लावला नव्हता.

ते दारात उभे होते, हेल्मेट हातात.

‘फोन बंद होता का वं तुझा?’

‘नाही. का?’

‘नाही, काही नाही. त्या जाममधे थांबून थांबून पाहून राहिलो होतो, तुझा फोन आला का म्हणून.’

‘झोप लागली होती हो मला.’

‘बरं झालं. आराम पाह्यजेच तुले,’ ते म्हणाले, आणि दिवा लावायला वळले. पण त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसला तो दिसलाच. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा निवांत झोपले होते, आणि माझ्या माणसाला वाटलं होतं की त्याची वाट पाहणारं घरी आता कुणी नाही.