पंचविसाव्याचा फ्लेक्स

आपल्या राज्यात दारूसाठी पंचवीस पूर्ण लागतात. त्यामुळे आमच्या मुळशीत पंचविसावा वाढदिवस लग्नासारखा करतात. आधीची सात-आठ वर्षं पोरं काय पीत होती, ते विचारायचं नाही. रीत अशी, की वयाच्या प्रत्येक वर्षाचा एक पेग, म्हणजे एका बैठकीत पंचवीस. मी दारूविरोधी पत्रकं वाटते, तरी चुलतभावाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांत त्याच्या मित्रांबरोबर माझाही फोटो होता. मला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी कासार आंबोलीच्या भाड्याच्या बंगल्यावर केकसाठी पोचले, तर भाऊ व्हरांड्यात उताणा पडलेला. घोरण्यात गुरगुर, ओठ काळेनिळे. एक मित्र त्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतायला बसला होता.

"ग्लास ठेव. गिळता येत नाहीये त्याला, श्वासात जाईल," मी म्हणाले आणि भावाला कुशीवर वळवलं. हाका मारल्या, चिमटा काढला. हलला नाही. पत्रकात लिहिते तेच इथंही लिहिते: हलवून उठत नसेल, तर ती झोप नाही.

"ताई, लेक्चर नको. उतरंल. चौदा झालेत, अकरा राहिलेत," मित्र म्हणाला.

"गाडी काढ."

"नवी हाय, ताई. सीटवर वकला म्हंजी?"

मी फाटकावरचा फ्लेक्स ओढून काढला आणि मागच्या सीटवर अंथरला. मग गाडी निघाली. भूगावच्या दवाखान्यापर्यंत मी भावाला कुशीवर धरून होते. वाटेत तो शुभेच्छुकांवर ओकला. सुरुवात माझ्यापासून.

डॉक्टर म्हणाले, उताणाच राहिला असता तर ओकारी फुप्फुसात गेली असती. तेवढ्यात काकू आली.

"काकू, पनीर बाधलं त्याला," गाडीवाला मित्र म्हणाला.

"दारू बाधली. चौदा पेग," मी म्हणाले.

भाऊ वाचला. काकूनं फ्लेक्स धुतला आणि परड्यात भाताच्या पेंढ्यावर घातला, फोटो वर करून. पंधरवड्यानं गाडीवाला आला, स्वतःच्या पंचविसाव्याचं आमंत्रण घेऊन. जाता जाता पेंढ्याकडं बघून थांबला.

"काकू, त्यो उलटा टाका की. माणसं हसत्यात."

"माझ्या पोराला तुमी उताणाच टाकला व्हता," काकू म्हणाली. "ह्योबी राहू दे तसाच. बस, च्या टाकते."

तो बसला नाही.